गुलमर्गला फक्त फोटो काढायला जाऊ नका: स्कीइंग शिकण्यासाठी नऊ दिवसांचा प्लॅन

काश्मीरच्या टूरचं वेळापत्रक आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. एक दिवस दल लेक आणि शिकारा, एक दिवस गुलमर्ग, एक पहलगाम, एक सोनमर्ग, मग बागा, खरेदी आणि परत. यात गुलमर्गच्या वाट्याला जेमतेम सहा तास येतात. त्यातच भाड्याचा कोट आणि गमबूट, गंडोलाची रांग, स्लेजवाल्याशी घासाघीस, आणि शेवटी वीस मिनिटं पायात स्की अडकवून काढलेले फोटो. घरी आल्यावर सगळ्यांना सांगायचं, "आम्ही स्कीइंग केलं!"

खरं तर पोहणं जसं एका दुपारी येत नाही, तसं स्कीइंगही येत नाही. पण पोहण्यासारखंच, चार-पाच दिवस नीट शिकलं तर ते बहुतेकांना जमतं, आणि एकदा जमलं की अंगात राहतं. आपल्या मंडळातल्या तरुण मंडळींच्या गप्पांमध्ये हल्ली "एकदा स्कीइंगला जायचंय" हे वाक्य वारंवार ऐकू येतं. स्वित्झर्लंडचा व्हिसा आणि खर्च बघून ते तिथेच थांबतं. म्हणून हा लेख. आपल्याच देशात, नोकरीतली पाच दिवसांची रजा टाकून, घरातल्या लहानमोठ्यांना घेऊन हे कसं जमवायचं, त्याचा हा आराखडा आहे.

आधी जागा ठरवा

भारतात नवशिक्यासाठी तीन नावं मुख्यतः समोर येतात.

पहिलं औली. उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यातल्या या उतारांवरून समोर नंदादेवी दिसते. गढवाल मंडळ विकास निगम इथे सात आणि चौदा दिवसांचे स्की कोर्स घेत आलं आहे. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांमधलं स्कीइंग इथेच झालं होतं. अडचण प्रवासाची आहे. हरिद्वार किंवा ऋषिकेशहून जोशीमठपर्यंत डोंगरातला पूर्ण दिवसाचा रस्ता आहे. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठात जमीन खचली, त्यानंतर तिथून औलीला जाणारा रोपवे बंद करण्यात आला. त्यामुळे वर कसं जायचं याची चौकशी निघण्याआधी करावी लागते.

दुसरं मनालीजवळचं सोलांग. पोहोचायला सोपं. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून पलीकडच्या लाहौलमधल्या बर्फापर्यंतही हिवाळ्यात जाता येतं. मनालीच्या सरकारी पर्वतारोहण संस्थेचे स्की कोर्सही असतात. पण सोलांगला दिवसाच्या सहलीची गर्दी फार. त्या गोंधळात शांतपणे शिकायला मिळणं कठीण.

तिसरं गुलमर्ग. बारामुल्ला जिल्ह्यात, सुमारे २,६५० मीटर उंचीवर. इंग्रजांनी इथे १९२७ मध्ये स्की क्लब सुरू केला. १९४८ पासून लष्कराचं प्रशिक्षण इथे चालतं, आणि केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग व पर्वतारोहण शिकवणारी संस्थाही इथेच आहे. एका बाजूला पसरट, सौम्य उताराचं कुरण, दुसऱ्या बाजूला अफरवटचा उंच डोंगर. नवशिक्यासाठी लागणारे उतार, ड्रॅग लिफ्ट, भाड्याचं साहित्य आणि शिकवणारी माणसं एकाच ठिकाणी चालत जाण्याच्या अंतरावर मिळतात. बीजिंगच्या २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला आरिफ खान याच भागातला. जायंट स्लॅलममध्ये तो ४५ वा आला होता. पहिल्यांदा शिकायला जाणाऱ्या कुटुंबासाठी माझं मत गुलमर्गला आहे, म्हणून पुढचा प्लॅन तिथलाच.

तारखा: बर्फ आपली सुट्टी बघून पडत नाही

आपल्या सुट्ट्या दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या. या दोन्ही वेळी स्कीइंगचा उपयोग नाही. नाताळात सगळे जातात, दर चढलेले असतात आणि बर्फाची खात्री नसते. काश्मीरमधला कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ, म्हणजे 'चिल्लई कलान', २१ डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीच्या शेवटी संपतो. त्यात पडलेला बर्फ साठत जातो. म्हणून जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा हा काळ सर्वांत चांगला समजला जातो.

पण 'समजला जातो' हे शब्द महत्त्वाचे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणं महिनाभर तपकिरी होती. बर्फ आला तो महिना संपता संपता. २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीत होता. पुरेसा बर्फ नाही म्हणून तो पुढे ढकलावा लागला आणि मार्चमध्ये झाला. सरकारी स्पर्धेला तारीख बदलावी लागते, तिथे आपलं नॉन-रिफंडेबल हॉटेल काय टिकणार?

इथला बर्फ येतो तो पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या बाजूने येणाऱ्या झंझावातांमुळे. हिंदी बातम्यांत ज्याला 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात तेच हे. एक चांगला झंझावात दोन-तीन दिवस बर्फ देऊन जातो, आणि मग लख्ख ऊन पडतं. हवामान खात्याचा अंदाज आठवडाभर आधी बऱ्यापैकी चित्र दाखवतो. त्यावरून हा नियम करा:

* दोन तारखा ठरवा: एक जानेवारीच्या शेवटी, दुसरी फेब्रुवारीच्या मध्याला. ऑफिसमध्ये दोन्हींची कल्पना देऊन ठेवा.
* हॉटेल असंच घ्या, जे किमान दहा दिवस आधी रद्द करता येईल किंवा तारीख बदलून देईल. हे मेलवर लिहून घ्या.
* निघण्याच्या दहा दिवस आधी हॉटेलला आणि प्रशिक्षकाला फोन करून विचारा, "बेबी स्लोपवर आत्ता बर्फ किती?" त्याच दिवशीचा व्हिडिओ मागवा. जमीन दिसत असेल आणि अंदाजातही बर्फ नसेल, तर दुसऱ्या तारखेवर जा.

तिकिटाची तारीख बदलण्याचे थोडे पैसे जातील. बर्फाविना आठवडा घालवण्यापेक्षा ते स्वस्त.

शाळेचं काय? पाचवीतल्या मुलाचे पाच दिवस बुडाले तर आकाश कोसळत नाही. दहावी-बारावीवाला घरात असेल तर मात्र सहल सरळ पुढच्या वर्षी न्या.

शनिवार ते पुढचा रविवार

सहल नऊ दिवसांची, पण रजा फक्त पाच.

शनिवार: श्रीनगरला पोहोचा, मुक्काम तिथेच. श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. एक रात्र इथे काढली की पुढच्या उंचीला शरीर सोपं जातं. संध्याकाळी शिकारा करून टाका.

रविवार: सकाळी गुलमर्ग. अंतर पन्नासएक किलोमीटर. शेवटचे तेरा किलोमीटर तंगमर्गपासून घाटाचे. ताजा बर्फ असेल तर तंगमर्गला गाडी बदलून, चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते. दुपारी आराम. संध्याकाळी बूट आणि स्की निवडून ठेवा. आज उतारावर जायचं नाही.

सोमवार ते शुक्रवार: रोज सकाळी शिकवणी, दुपारी सराव. शनिवार-रविवारी इथे श्रीनगरहून येणाऱ्यांची झुंबड असते. आपण मधल्या वारांना शिकत असल्यामुळे उतार मोकळे मिळतात.

शनिवार: खाली श्रीनगरला उतरा. हा दिवस राखीव. रस्ता बंद झाला किंवा बर्फ पडत राहिला, तरी रविवारचं विमान चुकत नाही.

रविवार: परत.

वाटेत २६ जानेवारीची सुट्टी मधल्या वारी आली, तर रजा चारच.

प्रवासाचं थोडं. हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्यांना विमानच सोयीचं, बहुधा दिल्ली किंवा मुंबईमार्गे. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीला सकाळी धुकं असतं, तेव्हा दोन विमानांमध्ये भरपूर वेळ ठेवा. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या मंडळींना रेल्वेचा पर्याय आहे. आपली मालवा एक्स्प्रेस इंदूर, उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर करत थेट वैष्णोदेवी कटऱ्याला जाते. वडोदऱ्याहून स्वराज एक्स्प्रेस तिथेच नेते. जून २०२५ मध्ये कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाब पूल याच मार्गावर आहे. रेल्वेने गेलात तर नऊ दिवसांत तीन-चार दिवसांची भर घाला. धुक्यात गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, म्हणून कटऱ्यात एक मुक्काम धराच.

आणखी एक: बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं.

"इतक्या लांब जायचं आणि पहलगाम नाही बघायचं?"

हा प्रश्न आमच्या काकूंनी विचारला होता, तुमच्याही घरी कोणीतरी विचारेलच. प्रश्न चुकीचा नाही. आपल्या आधीच्या पिढीने आयुष्यात एकदाच काश्मीर पाहायचं या हिशेबाने पैसे साठवले. एकदाच जायचं, तर सगळं बघूनच यायचं. तेव्हा वाद घालण्यापेक्षा दोन गट करणं बरं. शिकणारे गुलमर्गला राहतील. ज्यांना फिरायचंय त्यांनी तीन दिवस आपल्यासोबत राहून मग गाडी करून खाली उतरावं आणि शनिवारी श्रीनगरला भेटावं.

शिकणाऱ्यांनी मात्र मधे जागा बदलू नये. का, ते पाच दिवसांत काय काय होतं ते बघितलं की कळेल.

पाच दिवसांत काय शिकवतात

पहिला दिवस बूट घालून चालण्यात जातो. स्कीचा बूट कडक प्लास्टिकचा असतो, त्यात घोटा हलत नाही. मग एका पायात स्की घालून घसरणं, आडवं राहून जिन्यासारखं उतार चढणं, बाजूला पडणं आणि पडल्यावर उठणं. दिवस संपताना वाटतं, हे आपलं काम नव्हे. असं सगळ्यांनाच वाटतं.

दुसऱ्या दिवशी थांबायला शिकवतात. दोन्ही स्कींची टोकं जवळ, मागची बाजू लांब: वरून पाहिलं तर पिझ्झाच्या तुकड्याचा आकार. जगभर लहान मुलांना हाच शब्द शिकवतात. 'पिझ्झा' म्हणजे ब्रेक, 'फ्रेंच फ्राइज' म्हणजे स्की समांतर ठेवून सरळ जाणं. पाय जितके फाकवाल आणि आतल्या कडा दाबाल तितका वेग कमी.

तिसऱ्या दिवशी वळणं. पिझ्झाच्या स्थितीत डाव्या पायावर भार दिला की आपण उजवीकडे वळतो, उजव्यावर दिला की डावीकडे. डोक्याला हे उलटं वाटतं, पायांना लवकर पटतं. इथे सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे भीतीने मागे रेलणं. मागे रेललं की स्कीच्या पुढच्या टोकावरचा भार जातो आणि ताबा सुटतो. नडगी बुटाच्या पुढच्या बाजूला टेकलेली हवी, हात पुढे, नजर लांब.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रॅग लिफ्ट. दोरीला लटकणारी तबकडी दोन पायांमध्ये घ्यायची आणि तिने ओढत वर न्यायचं. तिच्यावर बसायला गेलं की आपटलोच, उभंच राहायचं. लिफ्ट आली की फेऱ्यांची संख्या एकदम वाढते. चढण्यात जाणारा वेळ आणि दम वाचतो.

पाचव्या दिवशी बहुतेक जण सौम्य उतारावरून वळणं जोडत, न पडता, स्वतःच्या मर्जीने थांबत खाली येतात. त्या एका उतरणीसाठी आधीचे चार दिवस लागतात, आणि त्यातला एक पहलगामला गेला तर साखळी तुटते. पाय दुखायला लागतात ते तिसऱ्या दिवशी. त्याच दिवशी शरीराला गोष्ट उमगायला लागलेली असते.

प्रशिक्षक ठरवताना चार प्रश्न विचारा: पर्यटन खात्याची नोंदणी आणि कुठला कोर्स केल्याचं प्रमाणपत्र आहे का, एका वेळी किती जणांना शिकवणार, दिवसाचे तास किती, आणि दरात साहित्य आणि लिफ्ट धरलेली आहे का. चारपेक्षा जास्त जणांचा गट नको. मुलांना वेगळा प्रशिक्षक द्या. आई-बाबा शेजारी असले की मुलं रडतात, नसले की शिकतात. साधारण पाच-सहा वर्षांपासून पुढे मुलं छान उचलतात.

एकटे किंवा मित्रांसोबत जाणार असाल, तर सरकारी संस्थेचा कोर्स आधी बघा. राहणं, जेवण, साहित्य, प्रशिक्षण असं एकत्र असल्यामुळे खर्च बराच कमी येतो. शिस्त कडक, खोल्या साध्या. जागा लवकर भरतात.

बूट, स्की आणि कपडे

विकत काही घेऊ नका, सगळं भाड्याने मिळतं. फक्त निवडताना घाई नको.

बूट सर्वांत महत्त्वाचे. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत, आणि टाच अजिबात उचलली जाऊ नये. थंडी वाजेल म्हणून दोन मोजे घालू नका. रक्तप्रवाह आवळला जातो आणि पाय जास्तच गारठतात. एकच लोकरीचा किंवा सिंथेटिक लांब मोजा.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटी ते नाकाच्या दरम्यान पुरे. बूट स्कीला ज्यात अडकतो त्या बाइंडिंगला स्प्रिंग असतो. पडल्यावर बूट सुटावा म्हणून तो वजन, उंची, वय आणि कौशल्य बघून लावतात. दुकानदाराने वजन विचारलं तर खरं सांगा! आणि त्याने विचारलंच नाही, तर तुम्ही सांगा. बाइंडिंग फार घट्ट असेल तर झटका गुडघ्याला बसतो. स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या दुखापती सर्वांत जास्त होतात. हेल्मेट लहानमोठ्या सगळ्यांना.

कपड्यांचे तीन थर: अंगाला चिकटून थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, सर्वांत वर पाणी आत न येऊ देणारं जॅकेट आणि पँट. जीन्स पूर्ण वर्ज्य. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही, आणि जानेवारीत इथे रात्री पारा उणे दहाच्या आसपास जातो. हातमोजे वॉटरप्रूफ, दोन जोड.

उन्हाकडे दुर्लक्ष करू नका. उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातले ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन वरून लागतं आणि खालूनही. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली, नाकाच्या खालीही लावा. गॉगल नसेल तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

तयारी घरीच दोन महिने आधी सुरू करा. रोज जिने, स्क्वॉट्स, आणि भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखं मिनिटभर थांबणं. सूर्यनमस्कार घालत असाल तर अर्धं काम झालंच.

अफरवटचा मोह

गुलमर्गचा गंडोला दोन टप्प्यांचा आहे. पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला, तो कोंगडोरीपर्यंत, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा २००५ चा, तो अफरवटच्या खांद्यावर जवळपास ३,९५० मीटरवर पोहोचवतो. तिकिटं केबल कार कॉर्पोरेशनच्या संकेतस्थळावर ऑनलाइन काढावी लागतात आणि मोसमात लवकर संपतात. दारात उभा राहून तिकीट मिळवून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

बघायला जायला हरकत नाही, पण स्की घेऊन दुसऱ्या टप्प्यावर जाणं नवशिक्याचं काम नाही. तिथला बहुतेक भाग यंत्राने दाबून सपाट केलेला स्की-मार्ग नसून मोकळा डोंगर आहे. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर हिमस्खलनाचा धोका सर्वांत जास्त, आणि असे उतार तिथे चहूबाजूंना आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या बाजूला हिमस्खलनात पोलंडचे दोन स्कीअर गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचा एक गेला. हे लोक हौशी नवशिके नव्हते. बर्फाखाली अडकलेल्याची वाचण्याची शक्यता पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते, म्हणजे मदत बाहेरून येईपर्यंत वेळ संपलेली असते.

आपल्यासाठी नियम साधे. दोरी किंवा लाल झेंडा लावलेला असेल तर पलीकडे जायचं नाही. दुसऱ्याच्या स्कीच्या खुणा दिसतात म्हणून त्या मागे जायचं नाही. मोठ्या हिमवृष्टीनंतर लगेचचे एक-दोन दिवस खालच्या उतारावरच राहायचं. चौथ्या दिवशी आत्मविश्वास वाढलेला एखादा भाऊ "वर जाऊन येऊ या" म्हणतोच. त्याला काय उत्तर द्यायचं, हे घरून निघतानाच ठरवून ठेवा.

आई-बाबा आणि आजी-आजोबा

गुलमर्गच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, अफरवटच्या टोकाला आणखी कमी. पहिले दोन दिवस डोकं जड होणं, झोप न लागणं हे चालतं. उलट्या, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं हे चालत नाही. तेव्हा लगेच खाली उतरायचं. हृदयविकार, दमा किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यायचंच नाही, आणि दुसऱ्या टप्प्याचं तिकीट त्यांच्यासाठी काढायचं नाही.

न शिकणाऱ्यांसाठीही इथे दिवस चांगला जातो. पहिल्या टप्प्यापर्यंतचा गंडोला, उन्हात खुर्ची टाकून नातवंडांना पडताना बघणं, 'बॉबी' सिनेमातली ती झोपडी, जुनं चर्च. घसरून मनगट किंवा खुबा मोडण्याचा धोका मात्र त्यांनाच जास्त. बुटांखाली बांधायचे खिळ्यांचे रबरी पट्टे मिळतात, ते घरूनच घेऊन या.

हॉटेल बुक करताना खोली गरम कशाने होते आणि वीज गेल्यावर काय, हे विचारा. बुखारी किंवा कोळशाची कांगडी बंद खोलीत पेटती ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जेवणाची चिंता नको, शाकाहारी सगळीकडे मिळतं. थालीपीठाची भाजणी आणि डिंकाचे लाडू मात्र बॅगेत हवेतच. दुपारी तीन वाजता उतारावर लाडवाची किंमत कळते. खोलीत डाळ-तांदूळ शिजवायचा विचार असेल तर कुकर लागेल. इथे पाणी ९१ अंशांच्या आसपासच उकळतं.

पैसा कुठे घालायचा

खर्चाची पाच खाती करा: प्रवास, मुक्काम, प्रशिक्षक, साहित्य आणि लिफ्ट, आणि राखीव. पहिल्या दोनांत काटकसर करा, तिसऱ्यात नको. आलिशान हॉटेल आणि रोज नवा प्रशिक्षक यापेक्षा साधं हॉटेल आणि पाचही दिवस एकच चांगला प्रशिक्षक घेतला, तर हातात काहीतरी शिकलेलं घेऊन परत याल. तंगमर्गला राहिलं तर स्वस्त पडतं, पण बर्फ पडला की घाट बंद होऊन शिकवणीचा दिवस जाऊ शकतो. सात-आठ जणांचा गट असेल तर गाडी, खोल्या आणि प्रशिक्षक सगळंच दरडोई खाली येतं.

विमा घेताना साहसी खेळ त्यात धरलेले आहेत का ते वाचा. अनेक पॉलिसींत ते वगळलेले असतात.

दर आधी ठरवा, शक्य तिथे लिहून घ्या. स्लेजवाले, घोडेवाले मागे लागतात. हिवाळ्याचे थोडे महिने हीच त्यांची कमाई. हसून स्पष्ट "नको" म्हटलं की पुरतं. ज्याच्याशी व्यवहार कराल त्याच्याशी मनापासून बोला. यांतल्या बऱ्याच जणांचं बालपण लाकडाच्या फळ्यांवर घसरण्यात गेलेलं असतं.

"तिथे जाणं सुरक्षित आहे का?"

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ दहशतवाद्यांनी सव्वीस जणांना मारलं. त्यांत महाराष्ट्रातली माणसंही होती. त्यानंतर काश्मीरमधली अनेक पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि मग टप्प्याटप्प्याने उघडत गेली. घरातल्या मोठ्यांची काळजी अनाठायी आहे, असं कोणी म्हणू नये. गुलमर्ग नियंत्रण रेषेच्या जवळही आहे.

यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: निर्णय सगळ्यांनी मिळून, त्या वेळची परिस्थिती पाहून घ्यावा. निघण्याआधी सरकारी सूचना वाचा. रस्त्याने रात्रीचा प्रवास टाळा. नेहमीच्या वाटा सोडून जंगलात भटकू नका. घरातल्या एकालाही मनापासून धास्ती वाटत असेल, तर याच आराखड्यात गुलमर्गच्या जागी औली लिहा. नंदादेवी समोर ठेवूनही पिझ्झा तसाच शिकता येतो. मनालीजवळच्या गावातली आंचल ठाकूर २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगमधलं भारताचं पहिलं आंतरराष्ट्रीय पदक जिंकून आली. बर्फ हिमाचलातही आहेच.

आता काय करायचं

कोजागिरीला मंडळात जमाल तेव्हा गट पक्का करा: कोण शिकणार, कोण फिरणार. दिवाळीत दोन्ही तारखा, रजा आणि रद्द करता येणारं हॉटेल. नोव्हेंबरपासून जिने आणि स्क्वॉट्स. डिसेंबरमध्ये प्रशिक्षकाशी फोनवर बोलणं, कोर्सला जायचं असेल तर ते अर्ज सर्वांत आधी. जानेवारीत रोज सकाळी हवामानाचा अंदाज.

गुलमर्गला यापुढे दर वर्षी वेळेवर बर्फ पडेलच, असं गेल्या काही हिवाळ्यांकडे बघून म्हणवत नाही. मुलं सहा-सात वर्षांची झाली असतील आणि तुमचे गुडघे अजून कुरकुरत नसतील, तर "पुढे कधीतरी" म्हणत फार थांबू नका. यंदाच्या जानेवारीसाठी दोन तारखा आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.